तात्यांच्या मागे रणगाडा नको

प्रिय ताई,
आमचे तात्या गेले त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. ते सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचे. 1966 ला भरती झाले, आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे फौजेच्या रसद-वाहतूक दलात, ड्रायव्हर. 1971 च्या लढाईत ते पूर्वेला, त्रिपुराच्या बाजूला होते. 1981 ला नाईक या हुद्द्यावरून पेन्शनीवर घरी आले आणि पुढे तीसेक वर्षं टेम्पो चालवला. कोरेगावचं आलं, घेवडा मुंबईच्या मार्केटला आणायचे. वर्षश्राद्ध गावीच आहे, पण दादाने त्यानंतर घणसोलीत मोठा कार्यक्रम ठेवलाय. बॅनरवर तात्यांचा चेहरा कुणा दुसऱ्याच जवानाच्या धडावर बसवलाय. हातात रायफल, मागे रणगाडा, खाली 'शत्रूला कंठस्नान घालणारे रणवीर'. तात्या तर म्हणायचे, मी एकही गोळी झाडली नाही. मी हे बोलले तर दादा म्हणाला, तुला बापाची लाज वाटते. लाज नाही हो, पण त्या बॅनरवर मला माझा बाप दिसत नाही. मला पाच मिनिटं बोलायचंय आणि लढाईबद्दल मी त्यांना कधी धड विचारलंच नाही. काय बोलू?
— फौजीची लेक, कोपरखैरणे

लेकी,

तो बॅनर लावू देऊ नकोस. घणसोली-कोपरखैरण्यात सातारा-सांगलीकडची माणसं जमली की त्यांत दोन-चार माजी सैनिक असतातच. गणवेश कुणाचा आणि छातीवरची पदकं कुणाची, हे त्यांना एका नजरेत कळतं. आपली नसलेली पदकं मिरवणं फौजेत फार हलकं समजतात. ज्या माणसाने आयुष्यभर 'मी गोळी झाडली नाही' असं सरळ सांगितलं, त्याला तो गेल्यावर आपण खोटं बोलायला लावायचं का? तात्यांना हे आवडलं नसतं, हे दादालाही आत कुठेतरी माहीत असणार.

आता त्यांनी काय केलं ते ऐक. त्या काळात त्रिपुरात रेल्वे धर्मनगरपर्यंतच जायची. तिथून अगरतळ्यापर्यंतचा रस्ता डोंगराळ आणि अरुंद. 3 डिसेंबरला लढाई उघड सुरू झाली, 16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. तेरा दिवस आपण सगळे मोजतो, पण त्याआधी कित्येक महिने दारूगोळा, डिझेल, पीठ, डाळ, तंबू ट्रकने पुढे जात होते. ते पोचले नसते तर लढणाऱ्यांना पाऊल पुढे टाकता आलं नसतं. ती ने-आण करणारे तुझ्या वडिलांसारखे ड्रायव्हर होते. या कामाला दुय्यम म्हणणाऱ्या माणसाने उपाशीपोटी लढून बघितलेलं नसतं.

आणि मला तर वाटतं, तुझ्या तात्यांनी नोकरी सोडली, पण काम सोडलंच नाही. भाजीपाल्याचं मार्केट 1996 मध्ये वाशीला आलं, त्याआधी ते भायखळ्याला रात्रीची गाडी घेऊन जात असतील. खंबाटकी, मग बोरघाट, पावसात, धुक्यात, आणि पहाटेच्या बाजाराआधी पोचायचं. आल्याला पाणी लागलं तर भाव पडतो आणि शेतकऱ्याचं वर्ष वाया जातं. दुसऱ्याचा माल सुखरूप पोचवणं, हेच त्यांनी ट्रकवर केलं आणि हेच टेम्पोवर. तुला पाच मिनिटं बोलायचंय ना? यावर बोल.

लढाईबद्दल विचारलं नाही याचं मनाला फार लावून घेऊ नकोस. बरीच उत्तरं अजून घरात आहेत. आधी डिस्चार्ज बुक शोध. त्यात भरतीची नि निवृत्तीची तारीख, ट्रेड, हुद्दा, पदकं, शिवाय चारित्र्याचा शेरा असतो. कित्येक जवानांच्या बुकात तिथे 'एक्झेम्प्लरी', म्हणजे आदर्श, असं लिहिलेलं असतं. तात्यांच्याही बुकात तसं असेल तर तेवढा एक शब्द मोठ्याने वाच. मग पदकं बघ. पूर्व आघाडीवर होते म्हणजे 'पूर्वी स्टार' हे पदक असायला हवं, जोडीला संग्राम मेडलही असेल. संग्राम मेडल गोल असतं, त्याच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. बोटाने चाचपून बघ. जुन्या ट्रंकेत अंतर्देशीय पत्रं सापडली आणि पत्त्यात 'द्वारा 99 एपीओ' (फौजेच्या टपाल कार्यालयाचा नंबर) दिसलं, तर ती पूर्वेकडूनच आलेली समज.

कागद शोधायला आईला बरोबर घे. अनायासे तिचं कुटुंब निवृत्तिवेतन नीट सुरू आहे का, 'स्पर्श' या फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर तिचं नाव आणि हयातीचा दाखला झालाय का, तेही बघून घे. काही अडलं तर साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे जाऊन विचार. श्रद्धांजलीच्या गडबडीत हे मागे पडतं आणि म्हातारी बाई गप्प बसून राहते.

आणि माणसांना विचार. तात्या तुझ्याशी लढाईबद्दल बोलले नसतील, पण रात्रभर शेजारी बसणाऱ्या क्लीनरशी बोलले असतील. गाडी चालवताना झोप लागू नये म्हणून ड्रायव्हर बोलत राहतो. कोरेगावातला गॅरेजवाला, मार्केटमधला त्यांचा अडत्या, वर्षानुवर्षं त्यांच्या गाडीतून पोती उतरवणारे माथाडी. तू कोपरखैरण्यात राहतेस, वाशीचं मार्केट हाकेच्या अंतरावर आहे. एक दिवस पहाटे जा आणि फोनवर रेकॉर्ड करून घे. ही माणसंही थकत चालली आहेत, म्हणून वर्षश्राद्धाच्या आतच जा.

राहिला दादा. त्याच्यावर चिडू नकोस. फौजीच्या पोराला शाळेत, कट्ट्यावर एकच प्रश्न येतो, 'तुझ्या बापाने किती मारले?' त्याला उत्तर देता न आल्याची सल त्या पोराने चाळीस वर्षं वागवली असेल. तो रणगाडा त्या सलीपोटी आलाय. त्याच्याशी व्हॉट्सॲपवर वाद घालू नकोस, समोर बस. डिस्चार्ज बुक आणि पदकं त्याच्या हातात दे, धर्मनगरच्या रस्त्याचं सांग आणि म्हण, 'दादा, आपल्याकडे खरं एवढं आहे.' आर्मी सर्व्हिस कोअरचं बोधवाक्य आहे 'सेवा अस्माकं धर्मः'. बॅनरवर सगळ्यात वर ते घाला. त्याला भारदस्त काहीतरी हवं आहे, ते त्यात आहे.

मजकूर एवढाच पुरे: 'नाईक (निवृत्त), आर्मी सर्व्हिस कोअर. 1971 च्या युद्धात पूर्व आघाडीवर सेवा. त्यानंतर तीस वर्षे कोरेगाव ते मुंबई मालवाहतूक.' फोटो दोन लावा, एक वर्दीतला आणि एक टेम्पोपाशी उभा असलेला. टेम्पोजवळचा फोटो घरी नसेल तर मार्केटमध्ये कुणाकडे तरी निघेल, विचार.

दादा तरीही ऐकला नाही, तर भर कार्यक्रमात भांडू नकोस. बॅनर दोन दिवसांत उतरेल. तू तुझ्या पाच मिनिटांत जे खरं आहे तेवढंच सांग, आणि बोलून झालं की ते कागदावर उतरवून त्याची एक प्रत आईकडे, एक दादाच्या मुलांकडे दे. क्लीनर काय म्हणाला ते मलाही कळव.

तुझी,
ताई