प्रार्थनेला आणि बायबल वाचायला वेळ मिळत नाही म्हणतोस, तर आधी पाच मिनिटं धर

तू पहिल्याच आठवड्यात पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करायचं ठरवलंस, आणि चौथ्या दिवशी गजर बंद करून झोपलास. अरे, माझंही हेच झालं होतं. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचा बेत केला आणि लेवीय या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकातच अडकलो!

मार्कच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रापासून, सुरुवात कर. १६च अध्याय आहेत. रोज अर्धा वाचलास तरी महिनाभरात होतं. त्यातला पहिला अध्याय सावकाश वाच. आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी जमलेलं, आणि येशू पहाटे अंधारातच उठून एकांती प्रार्थनेला जातो. तिथेही त्याचा शिष्य शिमोन आणि सोबती शोधत येतात, सगळे तुला शोधताहेत म्हणतात. म्हणजे व्यत्यय त्यालाही चुकला नाही. तुझं मूल मध्येच रडत उठलं तर अपराधी वाटून घेऊ नकोस.

बायबल रात्रीच उघडून टेबलावर ठेव, त्यावर चष्मा. मोबाईल दुसऱ्या खोलीत. मोबाईलवर वचन वाचायला गेलं की आधी मेसेजच वाचले जातात, हा माझा अनुभव.

फारच धावपळीचा दिवस असला तर बायबलमधलं स्तोत्र ११७ आहे, दोनच ओव्यांचं. ११९वं मात्र १७६ ओव्यांचं, ते सुट्टीसाठी ठेव. प्रवासात येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना मनात म्हण, एकेका ओळीवर थांबत. ‘ऋण्यांस’, म्हणजे ज्यांना आपण क्षमा करायची त्यांना, या शब्दापाशी मला अजून कुणाचा तरी चेहरा आठवतो आणि पुढे सरकायला वेळ लागतो.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचत बसू नकोस.