चावी फिरते, पण गाडी सुरू होत नाही. मेकॅनिक जागेवर येऊन चिपची चावी प्रोग्राम करू शकतो का?

हो, बहुतेक गाड्यांची करता येते, गाडी टो करावी लागत नाही. पण आधी दोष चावीचाच आहे का ते बघा. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतंय, किंवा इंजिन क्षणभर सुरू होऊन बंद पडतंय, तर इमोबिलायझरला, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेला, चावीतली चिप ओळखू येत नसावी. दुसरी चावी लावून पाहा. तिने गाडी सुरू झाली तर प्रश्न मिटलाच.

एक गैरसमज फार दिसतो. फिरवायच्या चावीतला सेल फक्त रिमोटसाठी असतो. चिपला सेल लागत नाही, इग्निशनभोवतीच्या अँटेनाच्या कॉइलमधूनच तिला ऊर्जा मिळते. म्हणून सेल बदलून गाडी सुरू होईल ही आशा सोडा. पुश-बटणाच्या गाडीत मात्र सेल संपला असेल तर चावी बटणाला टेकवून बघा, बऱ्याच गाड्या सुरू होतात.

येणारा माणूस ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीसाठीच्या सॉकेटला) यंत्र जोडून नव्या चिपची नोंद गाडीत करतो. सगळ्याच चाव्या हरवल्या असतील तर अनेक गाड्यांना सिक्युरिटी पिन, म्हणजे गाडीचा गुप्त कोडही लागतो, वेळ वाढतो. गाडीची बॅटरी उतरलेली असेल तर आधीच सांगा. काम चालू असताना व्होल्टेज पडलं तर प्रोग्रामिंग अर्धवट राहू शकतं.

तो गाडीची कागदपत्रं आणि ओळखपत्र मागेल. न मागणाऱ्याकडून काम करून घेऊ नका. आणि हरवलेल्या चावीची नोंद त्याच वेळी पुसून घ्या.