पहिलं पुस्तक कोणतं उघडू?

प्रश्न : बी.एस्सी. नर्सिंग होऊन ११ वर्षं झाली. परळच्या एका रुग्णालयात वॉर्डात काम करते. आता एम.एस्सी. नर्सिंग करायचंय. कुठल्या विषयापासून सुरुवात करू?
– एक परिचारिका, भांडुप

उत्तर : संख्याशास्त्रापासून, तेही प्रवेशाआधीच. पहिल्या वर्षाचे विषय ठरलेलेच असतात. त्यातली क्लिनिकल स्पेशालिटी वॉर्डात तुमच्या हातात बसलेली आहे. आकडेमोड मात्र सुटलेली असते, आणि दुसऱ्या वर्षाचा प्रबंध तिच्यावरच उभा राहतो.

वही घ्या. पाच रुग्णांना सलाइन लावायला लागलेली मिनिटं ४, ६, ८, १०, १२ अशी धरा. सरासरी ८. प्रत्येक आकड्याचा सरासरीपासूनचा फरक काढून वर्ग करा, बेरीज ४०. हा नमुना आहे, म्हणजे सगळ्या रुग्णांपैकी निवडलेले काही, म्हणून भागायचं ५ ने नाही, ४ ने, कारण सरासरीही त्याच नमुन्यातून काढलेली असते. इथेच घोटाळा होतो. भागाकार १०, त्याचं वर्गमूळ ३.१६, हे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत त्याचं माप. ५ ने भागलंत तर २.८३ येईल.

अशी दहा उदाहरणं हाताने सोडवा, मगच एक्सेल उघडा. तिथे चुकीचं सूत्र निवडलं तरी उत्तर येतंच, म्हणून आधी हात बसायला हवा. नाइट ड्यूटी करून आल्यावर मात्र हा विषय घेऊ नका. आधी झोप काढा.