लेथ, व्हॅक्यूम आणि इलेक्ट्रॉन सोललेले अणू

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप चालवणारे एक पालक लिहितात: "मुलगी बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. 'इलेक्ट्रॉन बीम आयन ट्रॅप'वर काम करायचं म्हणते. हे नेमकं काय, आणि यात पोट भरतं का?"

नमस्कार. या यंत्राला 'ईबिट' म्हणतात. पहिलं १९८६ साली अमेरिकेत लिव्हरमोरच्या प्रयोगशाळेत चाललं. इलेक्ट्रॉनचा झोत अतिवाहक चुंबकाने केसाएवढा बारीक दाबायचा. तो अणूंवर आदळून एकेक इलेक्ट्रॉन सोलून काढतो; असा धनभार आलेला अणू म्हणजे आयन. झोताचा ऋणभार आयनांना बाजूंनी धरून ठेवतो, दोन टोकांच्या नळ्यांवरचा धन व्होल्टेज पुढे-मागे जाऊ देत नाही. लोखंडाचा चोविसावा इलेक्ट्रॉन सुमारे २ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला (हे ऊर्जेचं एकक) निघतो, पंचविसाव्याला मात्र ८.८ लागतात. म्हणून झोताची ऊर्जा ८ वर ठेवली की आयन चोवीस इलेक्ट्रॉन गेलेल्या अवस्थेतच अडकतात आणि त्यांची ६.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची एक्स-रे रेषा, म्हणजे ठरावीक ऊर्जेचे एक्स-रे, मोजता येते.

खरी गोम मोजण्यातच आहे. लावलेला व्होल्टेज म्हणजे इलेक्ट्रॉनची ऊर्जा नव्हे. झोताच्या स्वतःच्या भारामुळे ती दहा-वीसपासून शंभराहून जास्त इलेक्ट्रॉनव्होल्टने कमी भरते, आणि साठलेले आयन त्यातली थोडी घट भरून काढतात. त्यामुळे वेगवेगळ्या करंटला मोजून आलेख शून्य करंटपर्यंत न्यावा लागतो. कॅथोडमधलं (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकातलं) बेरियम सापळ्यात साचून परक्या रेषा दाखवतं. म्हणून ठरावीक वेळाने टोकाच्या नळीचा व्होल्टेज उतरवून सापळा रिकामा करतात.

यंत्राच्या आत दाब बाहेरच्या हवेच्या कोटी-कोटीव्या भागाइतका हवा, नाहीतर उरलेला वायू आयनांना इलेक्ट्रॉन परत देऊन टाकतो. इथे तुमचं वर्कशॉप कामाला येतं. कोल्हापूरचं ओतकाम कितीही नावाजलेलं असो, या कामात चालत नाही: ओतीव धातूच्या बारीक छिद्रांतली हवा महिनोन्‌महिने निघत राहते. पितळ तापवलं की जस्त सोडतं. बंद भोकात स्क्रू घट्ट बसवला की तळाशी अडकलेली हवा गळतीचा भास करून देते; स्क्रूला मधून आरपार भोक पाडलं की प्रश्न मिटतो. फ्लँजच्या (दोन नळ्या जोडणाऱ्या कड्याच्या) धारेवर एक ओरखडा पडला तरी तांब्याची गॅस्केट धरत नाही.

पोटाचं स्पष्ट सांगतो: वाट लांब आहे, थेट ईबिटच्या जागा मोजक्याच. जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी., मग नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधन-शिष्यवृत्ती (सध्या पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, शिवाय घरभाडं), पुढे पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं. जास्त भाराच्या आयनांवर दिल्लीच्या आययूएसी आणि मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थांत काम चालतं. ईबिटसाठी हायडलबर्ग, टोकियो, शांघाय. संशोधन जमलं नाही तरी व्हॅक्यूम आणि डिटेक्टर येणाऱ्या माणसाला सेमीकंडक्टर कारखान्यांत, रेडिओथेरपीच्या यंत्रांवर काम मिळू शकतं. एम.एस्सी.चा प्रकल्प मात्र नुसत्या थिअरीवर घेऊ देऊ नका, आणि पायथन या संगणक भाषेत मोजलेल्या एक्स-रे रेषा फिट करणं आतापासून शिकू दे.

या सुट्टीत तिच्याकडून ३०४ स्टेनलेसचा एक भाग लेथवर करून घ्या. कटिंग ऑइल साबण-पाण्याने, मग अ‍ॅसिटोनने, मग आयसोप्रोपिलने काढायचं; त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही.