आपोआप वाजणारा जुना पियानो कसा चालतो, आणि त्याचं एवढं महत्त्व का?

आत असतो भाता. आपल्या पेटीसारखाच, फक्त हा पायाने मारायचा आणि हवा बाहेर ओढणारा. भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी एका पट्टीवरून सरकते. कागदातलं भोक पट्टीतल्या छिद्रावर आलं की हवा आत शिरते, त्या सुराचा चिमुकला भाता मिटतो आणि हातोडी तारेवर पडते. बघताना अजून गंमत वाटते.

महत्त्व म्हणाल, तर मला त्याची कोर्टकचेरी जास्त रंजक वाटते. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गुंडाळी म्हणजे स्वरलिपीची नक्कल नव्हे, म्हणजे संगीतकाराला छदामही नाही! पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि गुंडाळीमागे दोन सेंट ठरले. रेकॉर्डवरची तिकडची रॉयल्टी तिथूनच सुरू झाली.