फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या मुलाला कोणते सनस्क्रीन लावावे?

आपला मुलगा सहा वर्षांचा आहे, मुदतपूर्व जन्मामुळे त्याची फुप्फुसे सुरुवातीपासून नाजूक आहेत, त्याला रोज नेब्युलायझर लागतो आणि मागच्या खेपेला लावलेल्या सनस्क्रीनच्या वासाने त्याला खोकल्याची उबळ आली, असे आपण लिहिले आहे. घरात स्प्रेची एक बाटली आहे. ती वापरावी, की 'मिनरल' असे लिहिलेले दुसरे काही आणावे, असा आपला प्रश्न आहे. मी व्यवसायाने फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे सनस्क्रीन कसे बनते आणि त्यातले काय कुठवर पोहोचते हे मी सांगू शकते. मुलाच्या औषधांबाबत त्याच्या डॉक्टरांचे मत माझ्या मतापेक्षा वरचे मानावे.

अशा मुलासाठी मी आधी सनस्क्रीनचा प्रकार बघते आणि मग त्यातले घटक. ट्यूबमधून निघणारे क्रीम किंवा लोशन घ्यावे. स्प्रे आणि सनस्क्रीनची भुकटी दोन्ही टाळावीत. फुप्फुसाच्या दृष्टीने निम्म्याहून अधिक प्रश्न एवढ्यानेच सुटतो, कारण त्वचेला लावलेले घट्ट क्रीम हवेत उडत नाही, पण फवारलेल्या द्रवाचा काही भाग हमखास हवेत राहतो आणि मूल तीच हवा आत घेते.

हे थोडे सविस्तर सांगते. साधारण दहा मायक्रोमीटरपेक्षा (म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा) मोठे थेंब बहुतांशी नाकात आणि घशात अडकतात. त्याहून लहान थेंब श्वासनलिकेत उतरतात आणि अगदी बारीक थेंब थेट फुप्फुसाच्या टोकाच्या बारीक पिशव्यांपर्यंत, म्हणजे वायुकोशांपर्यंत, जाऊ शकतात. एरोसोलच्या डब्यातून निघालेला थेंब सुरुवातीला मोठा असला, तरी त्यातले अल्कोहोल हवेतच उडून जाते आणि थेंब आकसतो, म्हणून डब्याच्या तोंडाशी मोजलेला आकार आणि मुलाच्या नाकाशी पोहोचलेला आकार एक नसतो. त्यातच लहान मुले वजनाच्या प्रमाणात मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात, आणि तोंडावर काही फवारले की दचकून खोल श्वास घेतात. डब्यात ढकलवायू म्हणून बहुधा ब्युटेन, आयसोब्युटेन किंवा प्रोपेन असतात. निरोगी माणसाला मोकळ्या हवेत त्यांचा फारसा त्रास होत नाही. संवेदनशील श्वासनलिकेला मात्र अल्कोहोलची वाफ, वायू आणि सुगंध हे तिन्ही एकदम चिडवतात.

नियामक संस्थाही या बाबतीत सावध आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2019 च्या प्रस्तावात स्प्रेसाठी कणांच्या आकाराच्या चाचण्यांची अट सुचवली आणि भुकटीबद्दल आणखी माहिती मागितली. क्रीम, लोशन, जेल आणि काडी (स्टिक) या प्रकारांबाबत अशी अडचण नव्हती. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीनेही अतिसूक्ष्म टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड श्वासातून आत जाऊ शकेल अशा उत्पादनांत वापरू नये, असे मत दिले आहे. 2021 साली जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने आपली काही एरोसोल सनस्क्रीन बेंझीनचे अंश सापडल्यामुळे परत मागवली होती. प्रत्येक डब्यात बेंझीन असते, असा त्याचा अर्थ नाही. पण पर्याय सहज उपलब्ध असताना मी या मुलासाठी तो धोका पत्करणार नाही.

घरातला स्प्रे हातावर फवारून मग चोळला तर चालेल का, असेही आपण विचारले आहे. मोठ्या माणसाने दुसऱ्या जागी, उघड्यावर, स्वतःच्या तळहातावर फवारून घेतल्यास हवेत उडणारे प्रमाण नक्कीच कमी होते, परंतु त्यातला सुगंध आणि अल्कोहोल मुलाच्या गालावर येतातच. मागच्या वेळी वासानेच उबळ आली असल्याने, ती बाटली घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने, मूल जवळ नसताना वापरून संपवावी.

आता घटकांकडे वळू. 'मिनरल' म्हणजे झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा दोन्ही. वर सांगितलेल्या 2019 च्या प्रस्तावात सुरक्षित व परिणामकारक मानण्याजोगे म्हणून याच दोन घटकांची नावे होती. बारा रासायनिक गाळण्यांबद्दल (अतिनील किरण अडवणाऱ्या इतर घटकांबद्दल) अधिक माहिती हवी, असे म्हटले होते. त्या प्रशासनाच्या 2019 आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत ऑक्सिबेन्झोनसारखी काही रसायने त्वचेतून रक्तात उतरतात असे दिसले. रक्तात उतरणे म्हणजे अपाय होणे नव्हे, हे तिथेच स्पष्ट केले होते, त्यामुळे रासायनिक सनस्क्रीनला विष म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तरीही लहान मूल, नाजूक त्वचा आणि रोजची औषधे हे सगळे एकत्र असताना झिंक ऑक्साइडचे क्रीम मला सर्वांत सोपी निवड वाटते. ते डोळ्यांना सहसा झोंबत नाही, त्याला स्वतःचा उग्र वास नसतो आणि ते यूव्हीए, म्हणजे उन्हातल्या लांब लहरींच्या अतिनील किरणांचा, बराच मोठा पट्टा अडवते. टायटॅनियम डायऑक्साइड यूव्हीएतल्या सर्वांत लांब लहरींना तितकेसे अडवत नाही.

टायटॅनियम डायऑक्साइडमुळे कर्करोग होतो, असे आपण कुठेतरी वाचले असण्याची शक्यता आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला 'माणसात कर्करोगकारक असू शकेल' अशा 2ब गटात ठेवले आहे हे खरे. पण तो निष्कर्ष मुख्यतः उंदीरवर्गीय प्राण्यांनी त्याची धूळ श्वासातून घेतल्यावर दिसलेल्या परिणामांवर आधारलेला आहे. क्रीममध्ये कालवलेला कण हवेत जात नाही. झिंक ऑक्साइडचेही तसेच: वेल्डिंगच्या वेळी त्याचा ताजा धूर नाकात गेल्यास कामगारांना ताप भरतो, पण ट्यूबमधल्या लेपाशी त्या धुराचा काही संबंध नाही. म्हणूनच मी वर प्रकाराला पहिले स्थान दिले.

वासाबद्दल अधिक काटेकोर राहावे लागेल. वेष्टनावर 'सुगंधविरहित' आणि 'गंधहीन' अशा अर्थाचे दोन वेगळे इंग्रजी शब्द आढळतात, ते म्हणजे 'फ्रेगरन्स-फ्री' आणि 'अनसेंटेड'. दुसऱ्या प्रकारात मूळ घटकांचा वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य घातलेले असू शकते, म्हणून पहिलाच शब्द शोधावा आणि तरीही मागची घटकांची यादी वाचावी. त्या यादीत 'परफ्यूम', लिनालूल, लिमोनीन किंवा कोणतेही सुगंधी तेल दिसल्यास ती ट्यूब परत ठेवावी. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत लॅव्हेंडर, लिंबू किंवा निलगिरीचे तेल वरचेवर असते. दम्याच्या मुलाच्या श्वासनलिकेला ते वनस्पतीतून आले की कारखान्यातून, याने काही फरक पडत नाही. त्वचेला ॲलर्जी होण्याची प्रवृत्ती असेल तर मिथाइलआयसोथायाझोलिनोन हा परिरक्षक आणि ऑक्टोक्रिलीन हा गाळणीघटक, दोन्ही टाळलेले बरे.

यानंतरचा मुद्दा आपल्या प्रश्नात नव्हता, पण तो मला महत्त्वाचा वाटतो. फुप्फुसाच्या आजारांत दिली जाणारी काही औषधे त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, डॉक्सिसायक्लिन आणि को-ट्रायमॉक्सॅझोल ही प्रतिजैविके त्यांत येतात. बुरशीच्या संसर्गासाठी दीर्घकाळ दिले जाणारे व्होरिकोनॅझोल तर विशेषच, कारण फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत त्याच्या दीर्घ वापराचा संबंध त्वचेच्या कर्करोगाशी जोडला गेला आहे. प्रत्यारोपणानंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेही तो धोका वाढवतात. सालब्युटामॉल किंवा ब्युडेसोनाइड यांसारखी श्वासातून घ्यायची नेहमीची औषधे या यादीत सहसा नसतात, म्हणून केवळ नेब्युलायझरमुळे घाबरू नये. मात्र मुलाला कधी प्रतिजैविकाचा लांब कोर्स सुरू झाला, तर 'या औषधाने ऊन बाधते का' हा प्रश्न डॉक्टरांना त्याच वेळी विचारावा. औषधामुळे होणारी ही बाधा बहुतेकदा यूव्हीए किरणांनी होते आणि ते किरण खिडकीच्या साध्या काचेतूनही आत येतात. एसपीएफ हा सनस्क्रीनवरचा आकडा मुख्यतः यूव्हीबीपासूनचे, म्हणजे आखूड लहरींच्या अतिनील किरणांपासूनचे संरक्षण सांगतो, म्हणून दोन्हींपासून संरक्षण दर्शवणारे 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द वेष्टनावर असलेच पाहिजेत. थोडाच वेळ उन्हात जाऊनही गाल, कानांच्या पाळ्या किंवा हातांची मागची बाजू भाजल्यासारखी लाल झाली, तर सनस्क्रीन बदलत बसण्याऐवजी आधी डॉक्टरांना कळवावे. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.

मुलाला घरी ऑक्सिजन लागतो की नाही, हे आपण लिहिलेले नाही. लागत असेल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: ऑक्सिजनच्या आसपास अल्कोहोलयुक्त किंवा एरोसोल उत्पादने आणि पेट्रोलियम जेलीसारखे तेलकट लेप चालत नाहीत, कारण वाढलेल्या ऑक्सिजनमध्ये ते सहज पेट घेऊ शकतात. पाण्याच्या आधारावर बनवलेले लोशन घ्यावे, ते पूर्ण सुकू द्यावे, नाकाखालचा आणि ऑक्सिजनच्या नळीलगतचा भाग तसाच सोडून त्यावर रुंद कडेच्या टोपीची सावली ठेवावी. मेणाच्या काडीसारखे सनस्क्रीन या मुलांच्या नाकाजवळ नको. तेलकट त्वचेवर नळीची चिकटपट्टीही टिकत नाही, म्हणून पट्टी आधी लावावी आणि लोशन तिच्या भोवतीने.

एसपीएफ किती असावा, यावर जितका विचार होतो तितक्याची गरज नाही. प्रयोगशाळेत 15 एसपीएफ सुमारे 93 टक्के यूव्हीबी अडवतो, 30 एसपीएफ सुमारे 97 आणि 50 एसपीएफ सुमारे 98 टक्के. त्यामुळे 30 किंवा 50 पैकी कोणताही चालेल. खरी तूट पडते ती लेपाच्या जाडीत, कारण हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून काढलेले असतात आणि प्रत्यक्षात बहुतेक जण त्याच्या निम्मेही लावत नाहीत. वीस किलोच्या मुलाच्या अंगाचे क्षेत्रफळ साधारण 8,000 चौरस सेंटिमीटर असते, म्हणजे सर्वांगाला 16 ग्रॅम क्रीम लागेल. लांब बाह्यांचा सदरा आणि पूर्ण विजार घातली, तर चेहरा, मान आणि हातांचे पंजे एवढेच उरतात आणि 2 ग्रॅमच्या आसपास क्रीम पुरते. वासाला बिचकणाऱ्या मुलासाठी मला हा हिशेब फार सोयीचा वाटतो: जितके कापड जास्त, तितके नाकाजवळचे रसायन कमी. यूपीएफ (कापडाच्या संरक्षणाचा आकडा) 50 चे कापड केवळ पन्नासावा भाग अतिनील किरण आत सोडते, आणि ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागत नाही. क्रीम मात्र दर दोन तासांनी, आणि घाम आल्यावर किंवा पोहून झाल्यावर लगेच, पुन्हा लावावे लागते.

लावण्याचा क्रमही ठरवून घ्यावा. आधी नेब्युलायझर, मग मास्कखालचा चेहरा धुऊन पुसणे आणि त्यानंतर क्रीम, असे केल्यास नेब्युलायझरमधून ब्युडेसोनाइडसारखे स्टेरॉइड दिले जात असेल तर चेहऱ्यावर उरलेला त्याचा अंश निघून जातो आणि मास्कच्या कडाही बुळबुळीत होत नाहीत. बाहेर पडण्यापूर्वी पंधरा मिनिटे, खिडक्या उघड्या ठेवून, आपल्या बोटांनी टिपके देत लावावे. क्रीमचा पांढरेपणा राहिला तरी तो घासून घालवू नये, कारण तोच संरक्षणाचा थर आहे; फार खटकत असेल तर आयर्न ऑक्साइडने त्वचेच्या रंगाजवळ आणलेले क्रीम घ्यावे.

वेळेची निवड या मुलाच्या बाबतीत दुप्पट उपयोगी पडते. अतिनील किरण साधारण सकाळी दहा ते दुपारी चार या काळात सर्वांत तीव्र असतात. त्याच उन्हात वाहनांच्या व कारखान्यांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइड आणि इतर वाफा यांच्यापासून जमिनीलगत ओझोन तयार होतो, जो दुपारनंतर वाढत जातो आणि श्वासनलिकेला सुजवतो. म्हणून मैदानावरचा खेळ सकाळी लवकर ठेवला, तर त्वचा आणि फुप्फुस दोन्हींची सोय होते. संध्याकाळी ऊन उतरलेले असले तरी ओझोन लगेच उतरत नाही, हे ध्यानात असू द्यावे. हवामानाच्या अंदाजात यूव्ही निर्देशांक 3 किंवा त्याहून अधिक दिसला की संरक्षण हवे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

नवी ट्यूब आणल्यावर ती लगेच चेहऱ्याला लावू नये. मुलाची तब्येत नेहमीसारखी असेल अशा दिवशी आधी झाकण उघडून, ट्यूब त्याच्यापासून हातभर अंतरावर धरून, वास त्याला सहन होतो का ते पाहावे. मग काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून पुरळ किंवा खाज येते का ते बघावे आणि त्यानंतरच चेहऱ्याकडे जावे. सर्दी किंवा धाप वाढलेली असताना ही चाचणी करू नये, कारण मग खोकला कशाने आला ते कळत नाही. पहिल्या वेळी तातडीचा इनहेलर हाताशी ठेवावा, आणि क्रीम लावल्यावर घरघर, धाप किंवा ओठांना सूज दिसली तर डॉक्टरांनी दिलेल्या योजनेप्रमाणे औषध देऊन लगेच वैद्यकीय मदत घ्यावी.

शाळेच्या सहलीला पाठवताना त्याची ट्यूब त्याच्याबरोबर द्यावी आणि शिक्षकांना लेखी कळवावे की त्याला दुसऱ्याचे सनस्क्रीन लावू नये, तसेच इतर मुलांना स्प्रे मारायचा असेल तर तो बसमध्ये किंवा बंद खोलीत न मारता, आपल्या मुलाला वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला दूर उभे करून बाहेर मारावा.