बाबांनी नवं जाकीट शिवलं

तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "घरातलं माणूस गेलंय, वर्ष व्हायचंय आणि नात्यात लग्न निघालंय. जायचं का? गेलं तर लोक बोलतील, नाही गेलं तर ज्यांच्या घरचं कार्य ते दुखावतील. आणि तिथे जाऊन रडू फुटलं तर?" पाचपाखाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्याचं उत्तर मला येतं, असा माझा समज झाला होता. अनुजाने तो मोडला. तिचं नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

अनुजा 43 वर्षांची. घोडबंदर रोडला राहते, नोकरी ऐरोलीत. आई आदल्या वर्षी 17 डिसेंबरला गेली. थोरला भाऊ नेरूळला असतो. बाबा 74 वर्षांचे, नौपाड्यातल्या जुन्या घरात एकटेच. दोन्ही मुलांकडे राहायला तयार नाहीत. भावाने वर्षश्राद्ध 6 डिसेंबरला धरलं होतं आणि मामाच्या मुलीचं लग्न होतं 13 ला, इथेच ठाण्यात. मामाने मुहूर्त मुद्दाम ताईचं वर्ष झाल्यानंतरचा घेतला होता.

पण वर्ष नेमकं कधी झालं? आपलं चांद्रवर्ष 354 दिवसांचं, कॅलेंडरचं 365 चं. मध्ये अधिक महिना आला नाही तर तिथी पुढच्या वर्षी 11 दिवस आधी येते. म्हणजे भावाच्या आणि मामाच्या हिशेबाने 6 तारखेला वर्ष भरत होतं. अनुजाच्या हिशेबाने 17 ला. लग्न बरोबर मध्ये.

"दादा म्हणतो, वर्षश्राद्ध झालं की घर मोकळं झालं. मोकळं म्हणजे काय हो मॅडम? आई काय अडगळ होती?"

तिला धीर द्यावा म्हणून मी रूढीकडे वळले. म्हटलं, ह्या गोष्टी आपण समजतो तितक्या दगडावर कोरलेल्या नाहीत. गेलेल्या माणसाला पितरांत मिळवण्याचा विधी, सपिंडीकरण, तोच बघा. मूळ विधान वर्ष भरल्यावर करण्याचं, पण आपण सगळे ते बाराव्या दिवशी उरकतो. माणसांची सोय शास्त्रानेही पाहिलीय. शिवाय तुम्ही लग्न होऊन गेलेल्या, तुमचं सुतक तर तीनच दिवसांचं असतं.

तिचा चेहरा पडला. "हो ना. तीनच दिवस."

हे बोलायला नको होतं, हे मला त्याच क्षणी कळलं. तिला सूट हवी असेल असं मी धरून चालले होते. ती तर वर्षभर मनात हेच घेऊन फिरत होती की भावाच्या घरी दिवाळीला कंदील लागला नाही, तिच्या सासरी मात्र फराळही झाला, किल्लाही झाला. शोक करण्याचा हक्कसुद्धा भावालाच जास्त मिळाला होता. आणि आता तो संपला हे जाहीरही भाऊच करणार होता.

त्यात मामीचा फोन आलेला. आईच्या हातचं रुखवत नात्यात नावाजलेलं होतं. साखरेच्या खेळण्यांचे लाकडी साचे, साळीच्या दाण्यांची तुळस, सगळा संसार एका पत्र्याच्या पेटीत. मामी म्हणाली, "वन्संची पेटी तुझ्याकडेच आहे ना? ह्या वेळी तूच मांड बाई." अनुजा हो म्हणून बसली होती आणि त्या रात्रीपासून तिची झोप उडाली होती.

तास संपला. चप्पल घालता घालता ती म्हणाली, "बाकी कुणाला काही पडलेलं नाही. बाबांनी तर लग्नासाठी नवं जाकीट शिवायला टाकलंय."

आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. खरी गोष्ट दाराशी निघते, घड्याळात पाच मिनिटं उरलेली असताना. मी जाकीट वहीत लिहून ठेवलं.

पुढच्या वेळी आधी मी माझी तपासणी केली. झोप, जेवण, कामावर लक्ष, जगण्यात रस. शोक हा आजार नसतो, पण कधी कधी तो माणसाला एका जागी खिळवून ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात आता लांबलेल्या शोकाची वेगळी नोंद आहे. सहा महिने उलटून गेल्यावरही ओढ आणि वेदना रोजचं जगणं अडवत असतील तर तिचा विचार करतात, तोही त्या त्या समाजाची रीत लक्षात घेऊन. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत 2022 साली ती नोंद आली तेव्हा त्यांनी मोठ्यांसाठी मुदत बारा महिन्यांची ठेवली. आपलं वर्षही बाराच महिन्यांचं. मला ह्या योगायोगाचं नेहमी कौतुक वाटतं. अनुजा कामावर जात होती, मुलाचा अभ्यास घेत होती, हसतही होती. ती खिळलेली नव्हती, चिडलेली होती.

"मी कितव्या पायरीवर आहे?" तिने विचारलं. व्हॉट्सअ‍ॅपवर तिला दुःखाच्या पाच पायऱ्या आल्या होत्या. राग दुसरी पायरी आणि वर्षभरात ती दुसरीवरच, म्हणजे आपण नापास, असा तिचा निष्कर्ष. त्या पाच अवस्था एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस ह्या डॉक्टरीण बाईंनी 1969 साली मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या लेकीसाठी ते प्रगतिपुस्तक नव्हतंच. हे फॉरवर्ड जो कोण पाठवतो त्याला एकदा समोर बसवायची माझी फार इच्छा आहे.

मला स्वतःला जास्त उपयोगी पडते ती मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक श्खुट ह्या दोघांनी 1999 मध्ये मांडलेली कल्पना. शोकातलं माणूस दोन बाजूंना ये-जा करतं. कधी गेलेल्या माणसाकडे, कधी उरलेल्या जगण्याकडे. आज फोटोसमोर बसून रडेल, उद्या लाईटबिल भरेल. दोन्ही शोकच. घरात गोची होते ती एक माणूस एका टोकाला आणि दुसरं दुसऱ्या टोकाला असताना. एकाला दुसरा निर्दय वाटतो, दुसऱ्याला पहिला अडून बसलेला.

"जाकीट," मी म्हटलं.

मग ती धडाधडा बोलत सुटली. 47 वर्षांचा संसार. आईने ह्या माणसाचा सकाळचा चहा एक दिवस चुकवला नाही. आणि हा माणूस वर्ष व्हायच्या आत शिंप्याकडे माप देऊन येतो! लोक काय म्हणतील ही भीती तिला स्वतःसाठी नव्हतीच. बाबा लग्नात नटून हसताना दिसतील आणि ते आपल्याला बघवणार नाही, ही होती.

"त्यांना विचारलंत का, का शिवलं?"

"काय विचारायचंय त्यात?"

मी एवढंच सुचवलं की घरात नको, बाहेर कुठेतरी विचारा. घरात आईचा फोटो असतो आणि फोटोसमोर माणसं एकतर गप्प बसतात किंवा भाषण करतात. ती रविवारी बाबांना तलावपाळीला घेऊन गेली. कोपिनेश्वराचं दर्शन, मग मासुंदा तलावाच्या कठड्याशी भेळ. तिथे तिने विचारलं, आणि चांगल्या सुरात विचारलं नाही, असं तिनेच मला नंतर सांगितलं.

बाबा म्हणाले, "जुनं अंगावर राहत नाही गं. आठ किलो उतरलोय."

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यांनी सांगितलं की संध्याकाळचं ते काही करत नाहीत. दूध-पोळी खातात, कधी तेही नाही. घरात बसलं की दिवसभर तिच्याकडेच बघत बसणं होतं. लग्नात निदान चार माणसं तरी असतील. "तुझ्या मामाच्या मुलीला तिनेच लहानाची मोठी केली. मी ढगळ जाकिटात गेलो तर तीच ओरडली असती."

तिसऱ्या भेटीत अनुजा लग्नाबद्दल बोलायलाच तयार नव्हती. "वर्षभर दर आठवड्याला मी त्या घरी जाते, आठ किलो मला दिसले कसे नाहीत?" हे तिचं एकच पालुपद. मला विचाराल तर दिसण्यासारखं नव्हतंच. ती जायची ती आईच्या घरी जायची. संध्याकाळच्या डब्याचं त्या आठवड्यात ठरलं. तीन दिवस ती पाठवणार, बाकीचे दिवस नौपाड्यातल्याच एका पोळीभाजीवाल्या बाई. आणि रक्त तपासून घ्यायचं, कारण ह्या वयातलं उतरलेलं वजन सगळं दुःखाच्या खात्यावर टाकू नये.

मग उरलेल्या वेळात लग्न.

त्याची तयारी अगदी साधी. पेटी द्यायची, रुखवत मांडायला जायचं नाही. मामीला तिने तसंच सांगितलं, "मामी, साचे आणून देते, पण मांडायला माझ्याने होणार नाही." मामी रडली आणि हो म्हणाली. हळदीला नाही, लग्नाला अक्षतांच्या वेळी पोचायचं, जेवून निघायचं. साडी आईला आवडणारी नेसायची की नाही, हे त्या सकाळी ठरवायचं. बरोबर मावसबहीण; ती खुणेवर उठेल आणि काही विचारणार नाही.

आणि एक उत्तर पाठ करायचं. आपल्याकडे जे दुखवट्याला भेटायला येऊ शकले नाहीत, ते पुढच्या कार्यात गाठून भेटतात. हातात जेवणाचं ताट आणि तोंडाने, "अगं, नक्की झालं काय गं आईला?" अनुजाने बाराव्यापर्यंत ती हकिकत इतक्यांदा सांगितली होती की तिला स्वतःचाच आवाज परका वाटायला लागला होता. लग्नाची तिला सर्वात जास्त धास्ती होती ती ह्याची. आम्ही खोलीत तालीम केली. मी आगाऊ काकू झाले. चौथ्या खेपेला तिला वाक्य सापडलं: "शेवटी फार त्रास नाही झाला तिला. बाबा तिकडे बसलेत, भेटलात का?" खरं आहे, उद्धट नाही, आणि काकू दुसरीकडे वळतात.

रडू आलं तर? येऊ द्यायचं. आपली मंगलाष्टकं चालू असताना मांडवातल्या निम्म्या बायका डोळे पुसत असतात, कोण कशासाठी रडतंय ते कुणी तपासत नाही.

वर्षश्राद्ध नीट पार पडलं, एवढंच कळलं. भावाला तिने "मोकळं"चा अर्थ विचारला. तो म्हणाला, धाकट्या लेकीने दिवाळीत तीनदा विचारलं, आपल्याकडे कंदील का नाही, त्यामुळे बोललो. मला ह्याहून मोठ्या समेटाची आशा नव्हती आणि झालाही नाही.

लग्नात ती दीड तास थांबणार होती, चार तास थांबली. पाठ केलेलं वाक्य सहा वेळा वापरलं. रुखवताच्या टेबलाकडे गेली नाही. बाबांनी जिलबी मागून घेतली तेव्हा तिला राग आला, म्हणाली. मग त्यांनी अर्धी तशीच पानात ठेवलेली दिसली.

जानेवारीत ती शेवटची येऊन गेली. मी विचारलं, 17 तारखेला काय केलंत? त्या दिवसासाठी काही ठरवू या असं मी म्हटलं होतं, तर तिने नको म्हणून सांगितलं होतं.

"अर्धा दिवस रजा टाकली. बाबांना घेऊन त्या शिंप्याकडे गेले. जुन्या चार पँटी होत्या, कमरेत आवळून आणल्या."

"चारच?"

"पाचवी त्यांनी दिली नाही. म्हणाले, आता डबा येतोय, होईल मला ती."